किल्ल्याच्या पाठीमागचा मुलूख

मुरुडला आलेला माणूस बहुधा समुद्राकडे तोंड करून उभा राहतो. इतिहास लिहिणाऱ्यांनीही आजवर तेच केले. राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी जंजिरा, थोडा उत्तरेला पाण्यातच पद्मदुर्ग, आणि त्या दोहोंमधल्या काही मैल पाण्यावर सिद्दी, मराठे, मोगल, पोर्तुगीज, इंग्रज यांनी घातलेला घोळ. जंजिऱ्यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. शिवाजी महाराजांच्या मोहिमा, संभाजी महाराजांचा १६८२ चा वेढा, १७३६ साली चिमाजी अप्पांनी सिद्दी साताचा केलेला पाडाव, तोफा, तट, बुरूज. हे सगळे वाचताना एक साधा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो. किल्ल्यात गोड्या पाण्याची तळी होती, शेत नव्हते. मग तिथला माणूस खात काय होता?

उत्तर किल्ल्याच्या पाठीमागे आहे. एकदरा, राजपुरी, आगरदांडा, सावली-मिठागर, शिघ्रे, खारआंबोली, उत्तरेला विहूर, मजगाव, नांदगाव, उसरोली, काशीद, बोर्ली, कोरलई आणि डोंगराच्या कुशीतले सुपेगाव. या गावांत भात पिकत होते, नारळ-सुपारी शिंपली जात होती, मीठ पिकत होते. सिद्दींच्या जंजिरा संस्थानाचा खजिना यांच्यावरच चालत होता. तरीही या गावांचा इतिहास म्हणून दाखवता येईल असे सलग पुस्तक नाही. प्रस्तुत संग्रह त्या दिशेने उचललेले पाऊल आहे, आणि तो समुद्राकडे पाठ करून उभा आहे, हे आधीच सांगितलेले बरे. गडप्रेमी वाचकांची थोडी निराशा होईल. त्यांच्यासाठी दुसरी पुस्तके आहेत.

आधी जमीन पाहू. या तालुक्याचा भूगोल कळायला समुद्रापासून डोंगरापर्यंत सरळ पूर्वेला चालत जावे. काही किलोमीटरांत तीन वेगळे मुलूख लागतात. पहिला पुळणीमागचा वाळूचा पट्टा. यावर वाड्या: उंच नारळ, त्यांच्या सावलीत पोफळी, अधूनमधून जायफळ, मिरवेल, केळी. खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर उंडीची झाडे, ज्यांच्या बियांचे तेल होड्यांना लावत. दुसरा पट्टा सखल भाताचा. त्यातला काही भाग गोड्या जमिनीचा, काही खाडीकडे उतरत गेलेला, खारा. तिसरा डोंगराचा. उतारावर नाचणी-वरीची वरकस, वर जांभा आणि काळा कातळ, आणि त्यापलीकडे फणसाडचे रान. बहुतेक गावांच्या हद्दीत या तिन्हींचा थोडा थोडा तुकडा आहे. त्यामुळे गाव किनाऱ्याशी समांतर न पसरता डोंगराकडून पाण्याकडे आडवे पडलेले असते. घराला झावळी वाडीतून, तांदूळ सखल शेतातून, राबाला कवळ आणि चुलीला फाटी डोंगरातून. तिन्हींपैकी एक तुटला की उरलेले दोन लंगडे होतात. या गावांचे अर्थशास्त्र थोडक्यात एवढेच.

इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तो चार महिन्यांत पडतो आणि कातळावरून तासा-दोन तासांत समुद्राला मिळतो. आषाढात पावसाने हैराण झालेले गाव फाल्गुनात विहिरीचा तळ पाहते. संस्थानकाळात मुरुड शहरासाठी गारंबीच्या डोंगरात पाणी अडवून आणले गेले, त्याचे कौतुक अजून होते आणि ते योग्यच आहे. गावांना मात्र आपापल्या विहिरींवरच राहावे लागले. वाडीतली विहीर ही तर अजब चीज आहे. वाळूखालचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. रहाटाला जुंपलेला रेडा जेवढे काढेल तेवढे पाऊस पुन्हा भरून देई. डिझेल इंजिन आले, मग विजेचा पंप आला, मग पर्यटकांसाठी खोल्या आल्या. उपसा पुनर्भरणाच्या पुढे गेला की खालून खारे वर सरकते आणि पाणी मचूळ होते. मचूळ झालेली विहीर सुधारायला वर्षे लागतात. रहाट गेल्याचे दुःख करणारे लेख आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांत रहाटाचा हा संथपणा कसा कामाचा होता, ते मात्र कोणी लिहीत नाही.

खारजमिनीवर थोडे अधिक थांबतो, कारण या मुलखाचा खरा इतिहास तिथे आहे असे माझे मत बनले आहे. उत्तरेला रेवदंड्याच्या खाडीकडे मिठेखार, तळेखार. दक्षिणेला राजपुरीच्या खाडीकडे खारआंबोली, सावली-मिठागर. ही नावे नकाशावर नुसती वाचली तरी खारे पाणी कुठवर येत होते याचा अंदाज लागतो. खाडीकाठच्या चिखलावर मातीचा बांध घालायचा, बांधात उघाडी ठेवायची. ओहोटीला उघाडीतून आतले पावसाचे पाणी बाहेर जाते. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच झडप मिटते. दोन-तीन पावसाळे जमीन धुतली गेली की भात लावता येतो. तोही कुठलाही नव्हे. मीठ सोसणारे जुने वाण काळा रता, भुरा रता. पुढे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने काढलेली पनवेल मालिका. भात कापल्यावर गोड्या जमिनीत ओलीवर वाल टाकतात. थंडीत पोपटी लावताना मडक्यात जातो तो हाच वाल. खारात मात्र ही सोय नाही. पाऊस गेला की उन्हाबरोबर मीठ पुन्हा पृष्ठभागावर येते. म्हणजे खारातला शेतकरी दर पावसाळ्यात जमीन समुद्राकडून नव्याने सोडवून घेतो.

आणि दर उधाणाला ती गमावण्याचा धोका असतो. खेकड्याच्या बिळातून पाणी झिरपते, बीळ मोठे होते, एखाद्या अमावास्येच्या भरतीला बांधाला खांड पडते. खांड लगेचच्या भांगात, म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत, बुजवली नाही तर पुढच्या उधाणाला ती दुप्पट होते, आणि एकाच्या शेतापुढची खांड पन्नास जणांचे शेत बुडवते. म्हणून बांधाची दुरुस्ती कधीच एकट्या घराचे काम नव्हती. अलिबाग-पेणच्या खारेपाटात यासाठी सगळ्यांनी मिळून राबण्याची जोळाची पद्धत होती. या किनाऱ्यावरच्या कुठल्याही राजवटीची कसोटी मला विचाराल तर ती एवढीच: बांधाला खांड पडली तर बुजवायची कोणी, आणि पिकले तर वाटा कोणाचा?

हा प्रश्न धरून पाहिले की नेहमीच्या तारखा वेगळ्या दिसू लागतात. ८ मार्च १९४८ रोजी जंजिरा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. किल्ल्याच्या इतिहासात हा शेवटचा परिच्छेद असतो. शेताच्या इतिहासात तो पहिला आहे. त्याच वर्षी मुंबई प्रांताने कूळकायदा केला आणि खारजमिनींसाठीही कायदा केला. पुढच्या वर्षी खोती निर्मूलनाचा कायदा आला. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने मालक मानले गेले. वाट्याचा प्रश्न असा मार्गी लागत गेला. बांधाचा प्रश्न मात्र अडकला. पूर्वी मालकाला आपल्या उत्पन्नाच्या काळजीने का होईना बांधाकडे पाहावे लागे. आता शेताचे मालक अनेक झाले आणि बांध सरकारकडे गेला. १९७९ च्या खारभूमी विकास कायद्यानंतर तर ‘बांध सरकारचा’ हे वाक्य गावोगाव रुळले. योजनेत बसलेले बांध पक्के झाले. न बसलेले वाट पाहत राहिले. आणि गावाने एकत्र येऊन चिखल उपसण्याची सवय दरम्यान मोडली. कूळकायदा चुकला असे मी म्हणत नाही. ज्या पिढीने अर्धे पीक दुसऱ्याच्या अंगणात नेऊन ओतले तिच्यापुढे ते म्हणण्याचा हक्क कोणाला देऊही नये. पण जमिनीचा हक्क आणि जमीन राखण्याची जबाबदारी या दोन गोष्टी एकाच दिवशी हस्तांतरित होत नाहीत, हे या किनाऱ्यावर फार स्पष्ट दिसते.

संस्थानाच्या हद्दीचाही विचार इथे करायला हवा. उत्तरेला अलिबागच्या बाजूला चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमिनी न कसण्याचा संप केला. नारायण नागू पाटील त्याचे नेते होते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या लढ्याला बळ दिले. १९३७ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. तो सगळा लढा इंग्रजी मुलखातला. जंजिऱ्याच्या नबाबाच्या मुलखातल्या शेतकऱ्याला मुंबईचे कायदेमंडळ परके होते. चरीपासून मुरुड फार लांब नाही, पण मधे एक राज्य संपत होते. या सीमेने इथल्या शेतकरी चळवळीवर काय परिणाम केला, हा प्रश्न पुस्तकातल्या एका लेखाने उघडला आहे आणि सोडवलेला नाही.

आता लेखनपरंपरेकडे. गावाचा भूगोल-इतिहास हा विषय नव्याने हाती घेणाऱ्याला आपल्यामागे चार-पाच वाटा दिसतील. पहिली गॅझेटियरची. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अकरावा खंड ‘कुलाबा आणि जंजिरा’ १८८३ मध्ये निघाला. पीक, पाऊस, जाती, रस्ते, बंदरे यांची त्यातली नोंद आजही चकित करते. पण जंजिरा तिथे खंडाच्या शेवटी जोडलेला भाग आहे, आणि लिहिणाऱ्याची नजर वसूल आणि बंदोबस्त यांवर खिळलेली आहे. ज्याच्यावर कर नाही ते त्याला दिसत नाही. विहिरीवरचे पाणी बायका कोणत्या क्रमाने भरत, हे त्याला दिसण्याचे कारणच नव्हते.

दुसरी वाट कागदपत्रांची. राजवाडे आणि १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ यांनी मराठी माणसाला दप्तर उघडायला शिकवले. त्या परंपरेतून आलेल्या शां. वि. आवळसकरांचे ‘आंग्रेकालीन अष्टागर’ हे शेजारच्या मुलखाबद्दलचे पुस्तक मला या विषयातले पायाभूत वाटते, कारण त्यात राजकारणाच्या कागदांतूनच गावातला रोजचा व्यवहार वाचला आहे. मुरुडच्या वाट्याला असा अभ्यासक आला नाही. इथले जुने कागद मोडी आणि फारसीत आहेत, आणि दोन्ही वाचणारे हाताच्या बोटांवर मोजावेत एवढेच उरलेत.

तिसरी वाट गावगाड्याची. त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा. त्यानंतर दोनच वर्षांनी हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास प्रसिद्ध केला. मराठीत ‘खेडे’ म्हटले की डोळ्यांपुढे जे येते ते या दोघांनी घडवले: वेस, चावडी, पाटील, बारा बलुतेदार, पांढरी आणि काळी. यात कोकण बसत नाही. इथे वेस नाही, गावठाणाची दाट वस्तीही फार थोडी. वस्ती वाड्यांची, घर ज्याच्या त्याच्या झाडांत. किनाऱ्यावर कोळी, खारात आगरी, डोंगराला कुणबी, रानाच्या कडेला ठाकूर आणि कातकरी, शहरात आणि खाडीकाठी कोकणी मुसलमान. शेजारच्या उतारावरच्या दोन वाड्यांचे अन्न वेगळे, देव वेगळे, कॅलेंडरही वेगळे. देशावरचा साचा घेऊन कोकणातल्या गावात शिरणारा अभ्यासक सहसा ‘इथे गाव नाहीच’ असा निष्कर्ष काढून परत जातो. साचा चुकला असेल, हे त्याला सुचत नाही.

चौथी वाट पायांची. दामोदर धर्मानंद कोसंबींनी पुस्तकाआधी माळ पालथे घातले. दगड, देवस्थाने, जुन्या वाटा यांना पुराव्याचा मान दिला. त्याच सुमारास, १९५५ मध्ये, इंग्लंडात डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी कुंपण, चर, पायवाट यांवरून भूभागाचा इतिहास वाचून दाखवला, आणि फ्रान्समध्ये मार्क ब्लॉक यांनी त्याआधीच शेतांच्या आकारांवरून शेतकऱ्यांच्या समाजाकडे जाण्याचा रस्ता आखला होता. हे तिघे एकमेकांपासून फार वेगळे आहेत. पण बांध हाही दस्तऐवजच आहे, हे मान्य करायला त्यांच्यापैकी कोणीही हरकत घेतली नसती.

पाचवी वाट अलीकडची: जैवविविधता कायद्याखाली ग्रामपंचायतींनी करायच्या लोक-नोंदवह्या, वनहक्काच्या दाव्यांसाठी गोळा झालेले पुरावे, शाळांच्या स्मरणिका. हे साहित्य अभ्यासक तुच्छतेने पाहतात. मला त्यातले निम्मे कंटाळवाणे वाटते आणि उरलेले निम्मे अमूल्य. फणसाडचे रान नबाबाचे शिकारीचे राखीव रान होते. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले. अधिकृत कागदांत एवढेच आढळते. पण त्या रानातले पाणवठे, ज्यांना इथे गाण म्हणतात, त्यांतल्या कुठल्या गाणीचे पाणी वैशाखापर्यंत पुरते, कुठल्या माळावर गुरे जात, हे रानाकडेच्या वाडीत विचारल्याशिवाय कळत नाही. शिकारी गेला, वनरक्षक आला. गुराख्याला दोघांनीही बाहेरच ठेवले.

या सगळ्या वाटांवर जे कोणालाच नीट भेटले नाहीत असे काही शेजारीही इथे आहेत. कोरलईच्या किल्ल्याखाली राहणारे ख्रिस्ती शेतकरी. पोर्तुगीज १७४० मध्ये गेले, पण त्यांच्या भाषेतून घडलेली बोली या घरांत अजून बोलली जाते. तिचा भाषाशास्त्रीय अभ्यास परदेशात पुस्तकरूपाने झाला, मराठी वाचकाला ती बहुधा वर्तमानपत्रातल्या एखाद्या कुतूहलापुरती ठाऊक. बेने इस्रायल घराणी, पिढ्यान्‌पिढ्या घाणा चालवणारी, शनिवारी काम बंद ठेवणारी म्हणून शनवारतेली म्हटली जाणारी. त्यांच्या आडनावांत या किनाऱ्याची गावे शिल्लक आहेत, माणसे बहुतेक निघून गेली. आणि कातकरी, ज्यांनी या मुलखातले जवळजवळ प्रत्येक शेत कधी ना कधी खणले आहे आणि ज्यांच्या नावावर सातबारा क्वचितच आहे. जमीन हाच पुरावा मानणाऱ्या इतिहासात भूमिहीन कुठे लिहायचे, ही या पुस्तकाची अडचण होती. ती पूर्ण सुटलेली नाही.

हे सगळे आत्ताच लिहिण्याची घाई का? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले आणि एका दुपारी वाड्यांच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून पीक हाती यायला सहा-आठ वर्षे जातात. नारळालाही जवळपास तेवढीच. असोली, म्हणजे सालासकट, सुपारी वाळवून सहकारी संघात घालायची आणि वर्षाचा खर्च काढायचा, या चक्रातून अनेक घरे त्या दिवशी बाहेर फेकली गेली. भरपाई सुरुवातीला हेक्टरी जाहीर झाली. इथे वाडी गुंठ्यांत असते आणि उत्पन्न झाडांत मोजतात. हेक्टराच्या हिशेबाने हाती चिल्लर आली. ओरड झाल्यावर झाडामागे दर ठरला: सुपारीला ५० रुपये, नारळाला २५० रुपये. रक्कम पुरेशी नव्हती, पण झाड मोजायला हवे हे सरकारला पटवावे लागले, यातच गावाचा भूगोल माहीत नसण्याची किंमत दिसते.

दुसरे कारण जमिनीचे. रोहा आणि मुरुड तालुक्यांतल्या १७ गावांत औषधनिर्मितीचे मोठे उद्यान आणण्याचा बेत जाहीर झाला, विरोध झाला; २०२२ मध्ये केंद्राच्या योजनेतली तिन्ही उद्याने इतर राज्यांना गेली. पुढे काय होईल ते होवो. दिघी बंदर, रेवस-रेड्डी सागरी महामार्ग, खाड्यांवरचे पूल यांमुळे मुरुड मुंबईला जवळ येत आहे, आणि जवळ आलेली जमीन विकली जाते. विकलेल्या शेताचा बांध कोणी घालत नाही. खांड पडते, खारे पाणी राहते, चार-पाच वर्षांत कांदळवन उभे राहते. मग कायद्याचे संरक्षण त्या कांदळवनाला मिळते आणि शेजाऱ्याला आपला बांध दुरुस्त करतानाही परवानगी शोधावी लागते. कांदळवन किनारा राखते, मासळी वाढवते, ते तोडू नये, हे खरे आहे. आजोबांनी तिथे भात लावला होता हेही खरे आहे.

या संग्रहाचा हेतू मर्यादित आहे. मुरुड तालुक्यातल्या शेतीच्या गावांची जमीन, पाणी आणि माणसे यांचा एकत्र विचार कसा करावा, याचे काही नमुने त्यात आहेत. सगळी गावे आलेली नाहीत. रेवदंडा खाडीकडची बाजू राजपुरीच्या बाजूपेक्षा दुबळी राहिली. मच्छीमारीला जाणीवपूर्वक हात लावलेला नाही, तो वेगळ्या पुस्तकाचा ऐवज आहे. मापे जुनी तिथे जुनीच ठेवली आहेत: खंडी, मण, पायली. शेतकऱ्यांचे शब्द प्रमाण भाषेत बदललेले नाहीत.

वाचकाने एक गोष्ट लक्षात घ्यावी. यातले लेखक एकमेकांशी सहमत नाहीत आणि त्यांना सहमत करण्याचा प्रयत्न संपादनात केलेला नाही. फुटलेली खार पुन्हा बांधावी की समुद्राला सोडून द्यावी, यावर पुस्तकात दोन मते आहेत. एका लेखात बांधाचा खर्च आणि पिकणाऱ्या भाताची किंमत यांचा हिशेब मांडून सोडून देण्याची बाजू घेतली आहे. दुसऱ्यात म्हटले आहे की बाहेरचा बांध गेला की खारे पाणी तिथेच थांबत नाही, आतल्या गोड्या जमिनीपर्यंत आणि विहिरींपर्यंत सरकते, तेव्हा हिशेब नुसत्या खाराचा करून भागणार नाही. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. पण पहिल्या लेखातली आकडेमोड मला खोडता आलेली नाही, म्हणून तो लेख आधी छापला आहे.